तोच रुग्ण, तेच यंत्र, पण आकडा दर वेळी वेगळा: परिमाणात्मक सोनोग्राफीतील नॉईज कसा शोधावा आणि कमी करावा

समस्या अशी आहे. सोनोग्राफी यंत्रातून मिळणाऱ्या कच्च्या संकेतांवरून, म्हणजे आरएफ डेटावरून, यकृताचे क्षीणन, म्हणजे ध्वनी ऊतींतून जाताना किती विझतो ते, मोजायचे असते. प्रोब बदललेला नसतो, सेटिंग बदललेली नसते, रुग्णही तोच असतो, आणि तरीही पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजमापांत उत्तर एकदा ०.५ येते आणि एकदा ०.७ डेसिबल प्रति सेंटिमीटर प्रति मेगाहर्ट्झ. मऊ ऊतींसाठी साधारणपणे ०.५ हा आकडा धरला जातो आणि यकृतात चरबी साचू लागली की तो वर चढतो. त्यामुळे आपल्या मोजमापाचीच चढउतार ०.२ असेल, तर त्या आकड्यावरून डॉक्टरांना काहीही सांगण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

नाशिकमध्ये आम्ही दोघे-तिघे हे काम हौसेने म्हणावे इतक्या छोट्या प्रमाणावर करतो. एका निदान केंद्रात दुपारची गर्दी ओसरली की तेथील रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर डेटा घेतात आणि त्याचे विश्लेषण आम्ही रात्री घरी करतो. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली झालेल्या कायद्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र नोंदणी झालेल्या जागेशी बांधलेले असते. ते गाडीत घालून आपल्या सोयीच्या ठिकाणी नेता येत नाही. यंत्राजवळ जो अर्धा-पाऊण तास मिळतो, तो वाया गेला तर पुढची संधी आठवड्याने येते. म्हणून चूक नेमकी कुठे शोधायची, हे आधीच ठरवून जाणे आम्हाला भाग पडले, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

आधी नॉईज कोणता, ते ओळखावे

आकडा उड्या मारू लागला की पहिला उपाय सुचतो तो म्हणजे जास्त फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढणे. आम्हीही तेच केले. प्रोब स्टँडला आवळून फँटमवर, म्हणजे ऊतींची नक्कल करणाऱ्या जेलीसारख्या ठोकळ्यावर, पन्नास फ्रेम घेतल्या, सरासरी काढली, आणि आकडा इतका स्थिर झाला की त्या रात्री आम्ही काम फत्ते झाल्याच्या समाधानात चहा घेतला. पुढच्या खेपेला प्रोब बोटभर बाजूला सरकला आणि आकडाही सरकला. फँटम सगळीकडे एकसारखाच होता, कारण तो आम्हीच ओतला होता.

यामागचे कारण असे की मोजमापात दोन वेगवेगळ्या जातींची अस्थिरता मिसळलेली असते. एक इलेक्ट्रॉनिक नॉईज, जो दर फ्रेमला नव्याने जन्मतो आणि म्हणूनच सरासरीत विरतो. पन्नास फ्रेम घेतल्या तर तो साधारण सातपट कमी होतो. दुसरी अस्थिरता स्पेकलची, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या त्या रवाळ जाळीची. तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असे असंख्य कण ध्वनिलहरी विखुरतात, त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, कुठे एकमेकांना बळ देतात आणि कुठे एकमेकांना पुसतात. कणांची मांडणी यदृच्छ असली तरी ती जागच्या जागी गोठलेली असते. प्रोब हलला नाही तर जाळीही हलत नाही, आणि पन्नास फ्रेममध्ये पन्नास वेळा तीच जाळी येते. अशा फ्रेमची सरासरी काढणे म्हणजे एकाच साक्षीदाराची जबानी पन्नास वेळा लिहून घेणे.

कोणत्या जातीचा वाटा किती, हे कळण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. प्रोब घट्ट आवळून, हात न लावता, लागोपाठ दोन फ्रेम घ्याव्यात आणि एकाच खोलीवरील आरएफ तुकड्यांचा सहसंबंध गुणांक काढावा. मधल्या काळात फँटम हललेला नसल्यामुळे दोन्ही तुकड्यांतील फरक फक्त इलेक्ट्रॉनिक नॉईजचा असतो, आणि गुणांकाला एक वजा गुणांक याने भागले की संकेत आणि नॉईज यांच्या शक्तींचे गुणोत्तर मिळते. गुणांक ०.९९ असेल तर संकेत ९९ पट, म्हणजे जवळजवळ २० डेसिबल वर आहे, ०.९ असेल तर नऊपट, म्हणजे साडेनऊ डेसिबल, आणि ०.७ वर घसरला असेल तर जेमतेम २.३ पट. त्यानंतर प्रोब त्याच्या जाडीच्या दिशेने तीन-चार मिलिमीटर सरकवून तिसरी फ्रेम घ्यावी. पहिल्या दोन फ्रेम तंतोतंत जुळत असतील आणि तिसरी अजिबात जुळत नसेल, तर आपले भांडण स्पेकलशी आहे आणि फ्रेमची सरासरी तेथे काही कामाची नाही.

आमच्याकडे चार-पाच सेंटिमीटर खोलीवर सगळे भांडण स्पेकलचेच निघाले. दहा-बारा सेंटिमीटरच्या पुढे मात्र इलेक्ट्रॉनिक नॉईज शिरला. त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा नॉईज उत्तर नुसते हलवत नाही, तर एका बाजूला ओढतो. खोलवर संकेत विझत जातो आणि नॉईजची तळपातळी जागच्या जागी राहते, त्यामुळे स्पेक्ट्रमचा, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती शक्ती आहे हे दाखवणाऱ्या आलेखाचा, उतार सौम्य दिसू लागतो आणि क्षीणन खऱ्यापेक्षा कमी येते. यासाठी प्रक्षेपण बंद ठेवून त्याच गेनवर (संकेत मोठा करण्याच्या सेटिंगवर) काही फ्रेम घ्याव्यात, त्यांचा पॉवर स्पेक्ट्रम मोजमापाच्या स्पेक्ट्रममधून वजा करावा, आणि ज्या वारंवारतांवर संकेत नॉईजपेक्षा दहा डेसिबलने तरी वर नाही त्या सरळ सोडून द्याव्यात. दहा डेसिबलवरही नॉईज ०.४ डेसिबलची भर घालतोच; त्याखाली उतरणे महागात पडते. गेन वाढवून यातून सुटका होत नाही, कारण गेन दोघांनाही सारखाच मोठा करतो.

स्पेकल: ओळी मोजताना होणारी फसगत

कण पुरेसे दाट असले की एन्व्हलपची (संकेताच्या उंचीच्या रूपरेषेची) सरासरी भागिले प्रमाण विचलन हे गुणोत्तर १.९१ च्या आसपास येते. रेले वितरणाचा हा गुणधर्म असून तो यंत्रावर अवलंबून नाही. पॉवर स्पेक्ट्रमची अवस्था याहून वाईट असते: एका ओळीच्या, म्हणजे बीमच्या एका दिशेने आलेल्या संकेताच्या, स्पेक्ट्रममध्ये कोणत्याही वारंवारतेवर प्रमाण विचलन सरासरीइतकेच असते आणि डेसिबलमध्ये पाहिले तर साडेपाच डेसिबलचा चढउतार दिसतो. विंडो, म्हणजे स्पेक्ट्रमसाठी कापलेला संकेताचा तुकडा, लांब केल्याने हा चढउतार कमी होत नाही, फक्त खाचा अधिक बारीक होतात. तो कमी करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे परस्परांशी संबंध नसलेल्या जास्तीत जास्त ओळींची सरासरी. अशा एन ओळी मिळाल्या तर उरलेला चढउतार अंदाजे ४.३४ भागिले एनचे वर्गमूळ इतके डेसिबल असतो.

द्राक्षबागायतदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तोडणीपूर्वी ब्रिक्स (रसातील साखरेचे प्रमाण) पाहताना एकाच मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर दहा वेळा तपासला तर यंत्राची खात्री पटते, बागेची नाही. आणि एकाच घडातले दहा मणी घेतले तरी ते एका घडाबद्दलच बोलतात. बागेबद्दल बोलायचे तर वेगवेगळ्या ओळींतील वेगवेगळ्या वेलींवरून मणी घ्यावे लागतात.

आमची फसगत या दुसऱ्या पायरीवर झाली. ५ मेगाहर्ट्झवर, १५४० मीटर प्रति सेकंद वेग धरून, तरंगलांबी सुमारे ०.३ मिलिमीटर होते. एफ-नंबर (फोकसची खोली भागिले प्रोबच्या वापरलेल्या भागाची रुंदी) ३ असेल तर बीमची रुंदी तिच्या तिप्पट, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास जाते, आणि यंत्र ओळी मात्र दर ०.३ मिलिमीटरला देते. मोजमापासाठी निवडलेल्या बारा मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत चाळीस ओळी बसतात आणि आपण भाबडेपणाने एनच्या जागी चाळीस घालतो, तर चढउतार ०.७ डेसिबल येईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात शेजारच्या तीन ओळी जवळजवळ एकच गोष्ट सांगत असतात, स्वतंत्र ओळी तेराच असतात आणि चढउतार १.२ डेसिबल निघतो. सॉफ्टवेअरने ओळी आणखी दाट करून दिल्या तरी या तेरांचे चौदा होत नाहीत.

स्वतंत्र ओळी वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रोब जाडीच्या दिशेने सरकवून किंवा हलकेच कलवून वेगवेगळी प्रतले घेणे. त्या दिशेने बीम अधिक रुंद असतो, म्हणून एक-दोन मिलिमीटरने भागत नाही. दोन प्रतलांतील सहसंबंध ०.२ च्या खाली आला की अंतर पुरेसे झाले, असे आम्ही समजतो. पाच प्रतले घेतली की तेराच्या पासष्ट ओळी होतात आणि चढउतार अर्ध्या डेसिबलपर्यंत खाली येतो. रुग्णाच्या बाबतीत हे सगळे एका रोखलेल्या श्वासात उरकावे लागते. डॉक्टर प्रोब बरगड्यांच्या मधल्या जागेत ठेवून मनगट इतके सावकाश कलवतात की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते जाणवतही नाही, आणि तेवढ्या पाच-सहा सेकंदांत हवी ती प्रतले मिळून जातात. बीमची दिशा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलूनही नव्या ओळी मिळवता येतात, पण कोनांत पुरेसा फरक लागतो आणि प्रत्येक कोनासाठी संदर्भ फँटमचा डेटाही त्याच कोनात घ्यावा लागतो, हे विसरता कामा नये.

आता ज्या उपायाने आम्हाला सर्वांत जास्त फायदा झाला तो. क्षीणन म्हणजे उतार, आणि उताराची चूक दोन टोकांतील अंतरावर अवलंबून असते. समजा दोन सेंटिमीटर अंतरावरच्या दोन विंडोंमध्ये प्रत्येकी १.२ डेसिबलची चूक आहे. त्यांच्या फरकात ती १.७ होते. ध्वनी जाऊन येतो म्हणून मार्ग चार सेंटिमीटर, वारंवारता ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे १.७ ला वीसने भागून, एकाच वारंवारतेवर पाहिले तर, ०.०८५ ची अनिश्चितता मिळते. ०.५ च्या आकड्यापुढे ही सतरा टक्के झाली. अंतर दोनऐवजी चार सेंटिमीटर केले तर ती थेट निम्मी होते. केवळ ओळी वाढवून तेवढाच परिणाम साधायचा असेल, तर ओळी चौपट कराव्या लागतील. म्हणून चौकट रुंदीपेक्षा खोलीत वाढवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात खोलीभर ऊती एकसारख्या असल्या पाहिजेत, आणि मानवी यकृत याची हमी देत नाही; त्याबद्दल शेवटी लिहितो.

विंडोविषयी थोडक्यात. प्रत्येक विंडोची लांबी पल्सच्या लांबीच्या किमान दहापट ठेवावी. ५ मेगाहर्ट्झच्या आखूड पल्ससाठी हे सहा मिलिमीटरच्या आसपास जाते. कडा सरळ न कापता त्या हळूहळू शून्यावर नेणारी हॅन विंडो वापरावी, आणि डेटा थोडा असेल तर वेल्चने १९६७ साली मांडलेल्या पद्धतीने अर्धे अर्धे एकमेकांवर येणारे तुकडे किंवा थॉमसनची १९८२ ची मल्टिटेपर पद्धत वापरून पाहावी. या पद्धतींनी डेटा पिळून थोडा अधिक रस निघतो, इतकेच.

डेसिबलची सरासरी

ही चूक शोधण्यात आमचा महिना गेला, म्हणून तिला वेगळी जागा देतो. याओ, झागझेब्स्की आणि मॅडसन यांनी १९९० साली मांडलेल्या संदर्भ फँटमच्या पद्धतीत रुग्णाचा स्पेक्ट्रम फँटमच्या स्पेक्ट्रमने भागला जातो, त्यामुळे यंत्राचा आणि बीमचा परिणाम निघून जातो. आमचे क्षीणनाचे आकडे हळूहळू ताळ्यावर आले, पण विखुरणाचा गुणांक (ऊती ध्वनी किती परत विखुरतात त्याचे माप) मात्र सतत कमी येत राहिला. कधी थोडा आणि कधी जास्त असे नव्हे. दर वेळी जवळजवळ अडीच डेसिबलने कमी. नॉईज इतका वक्तशीर नसतो.

शेवटी कळले ते असे. फँटमची फाईल एकाने लिहिलेल्या प्रोग्रॅममधून गेली होती आणि त्यात आधी शक्तीची सरासरी काढून मग लॉग घेतला होता. रुग्णाची फाईल दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधून गेली होती आणि त्यात प्रत्येक ओळीचा आधी लॉग घेऊन मग डेसिबलची सरासरी काढली होती. स्पेकलच्या वितरणासाठी या दोन सरासऱ्यांतला फरक गणितानेच ठरलेला आहे आणि तो २.५१ डेसिबल आहे. लॉगची सरासरी तेवढीच खाली येते. मूळ प्रमाणात पाहिले तर विखुरणाचा गुणांक खऱ्याच्या ५६ टक्केच दिसतो. क्षीणन बचावले, कारण प्रत्येक खोलीवर सारखीच वजाबाकी झाल्याने उतार बदलला नाही, आणि त्यामुळेच चूक इतके दिवस लपून राहिली. दोन्ही फाईलना एकच नियम लावावा, आणि तो शक्यतो आधी शक्तीची सरासरी व मग लॉग असा असावा.

संदर्भ फँटमच्या बाबतीत आणखी एक कंजुषी टाळावी. त्याचा नॉईजही भागाकारातून उत्तरात उतरतो. फँटम श्वास घेत नाही आणि कंटाळतही नाही. त्याची दहा-वीस प्रतले घेऊन ठेवली तर त्याच्याकडून येणारी अनिश्चितता नगण्य होते. मात्र टीजीसी (खोलीप्रमाणे गेन वाढवणारी सेटिंग), फोकस आणि खोली रुग्णावर वापरली तीच हवी, आणि यंत्रातील स्पेकल कमी करणारा, चित्र गुळगुळीत करणारा पर्याय दोन्ही वेळा बंद हवा. पडद्यावरचे चित्र साठवून त्यावरून मोजमाप करणे तर विसरूनच जावे. लॉगने दाबलेल्या चित्रात या गणिताला लागणारी माहिती उरलेली नसते.

जे नॉईज वाटते पण नाही

आमचा पहिला फँटम घरच्या पातेल्यात शिजला. चायना ग्रास म्हणून किराणा दुकानात मिळणारे अगार, उकळून हवा काढलेले डिस्टिल्ड वॉटर आणि बारीक ग्रॅफाईटची पूड. मिश्रण साच्यात ओतून तसेच ठेवले तर पूड तळाशी बसते आणि खालचा थर वरच्यापेक्षा उजळ दिसतो; म्हणून ते आळेपर्यंत साचा हातात आडवा धरून सावकाश फिरवत राहावे लागते. ढवळताना शिरलेला एखादा बुडबुडा पुरेसा त्रास देतो: त्याच्याखाली सावली पडते, आणि प्रोब सरकवताना आकडा अचानक उडतो तो त्या सावलीमुळे.

डिसेंबरमध्ये वेगळाच प्रकार सुरू झाला. निफाडचा पारा बातम्यांत येऊ लागला की नाशिक शहरातही सकाळची खोली चांगलीच गार असते, आणि आमचा फँटम खिडकीजवळच्या मांडणीवर राहत असे. पाण्यात ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सुमारे १४८२ मीटर प्रति सेकंद असतो आणि ३० अंशांना १५०९. पाण्यावर बेतलेल्या फँटमचा वेग आणि क्षीणन दोन्ही तापमानाबरोबर सरकतात. आम्ही केंद्रात पोहोचून लगेच संदर्भ डेटा घेत असू आणि तोवर फँटम बाहेरून कोमट, आतून थंड असे. हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे: मोजमापे वेळेच्या क्रमाने मांडावीत. स्पेकलचा आकडा दोन्ही बाजूंना उड्या मारतो. तापमानाचा आकडा तासाभरात एकाच दिशेने सरकत जातो. तेव्हापासून फँटम आदल्या संध्याकाळीच केंद्रातील खोलीत नेऊन ठेवतो आणि वहीत आकड्याशेजारी तापमान लिहितो.

स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक खोलीवर, नेमक्या त्याच वारंवारतेवर सुई उभी दिसत असेल, तर ती बहुधा विजेच्या उपकरणांची असते. प्रोब हवेत धरून, प्रक्षेपण बंद ठेवून ती टिकते का ते पाहावे आणि मग खोलीतील एकेक चार्जर व दिवा बंद करत जावे.

हे सर्व झाल्यावरही नकाशा खडबडीत दिसतो आणि तो गुळगुळीत करणाऱ्या गणिती पद्धतींचा मोह होतो. शेजारच्या जागांचे आकडे फार वेगळे नसावेत अशी अट घालून एकत्रित उत्तर काढणाऱ्या रेग्युलरायझेशनच्या पद्धती चांगल्या आहेत आणि आम्हीही त्या वापरतो. पण अटीचा जोर किती ठेवायचा हे रुग्णाचे चित्र पाहून ठरवू नये. क्षीणन माहीत असलेल्या, दोन थरांच्या फँटमवर तो ठरवावा, थरांची सीमा पुसली जात नाही ना ते पाहावे, आणि मग त्याला हात लावू नये. यकृताच्या इलॅस्टोग्राफीत, म्हणजे कडकपणा मोजण्याच्या तपासणीत, दहा मोजमापे घेऊन मध्यक सांगण्याची आणि किलोपास्कलमधील आंतरचतुर्थक विस्तार (मधल्या निम्म्या आकड्यांचा पसारा) मध्यकाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मोजमाप अविश्वसनीय धरण्याची शिस्त डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेली आहे. आपला आकडाही त्यांच्याकडे विस्तारासह गेला तर त्यांना तो वाचता येतो.

शेवटची तपासणी अशी करावी. स्वतंत्र ओळी मोजून अपेक्षित चढउतार काढावा आणि प्रत्यक्ष चढउताराशी ताडून पाहावा. दोन्ही जुळत असतील तर जे उरले आहे ते स्पेकलच आहे, आणि आणखी कमी हवे असेल तर आणखी प्रतले घेणे एवढेच शिल्लक राहते. प्रत्यक्ष चढउतार दुपटीने मोठा असेल, तर नॉईज शोधणे थांबवून चौकटीत काय आहे ते पाहावे. गेल्या महिन्यात एका रुग्णाच्या डेटात असेच झाले: पासष्ट ओळी असूनही चढउतार एक डेसिबलच्या खाली येईना. एन्व्हलपचे गुणोत्तर काढले, खोलीप्रमाणे होणारी घट आधी काढून टाकून, तर ते १.९१ पासून बरेच खाली होते. डॉक्टरांना चित्र दाखवताच त्यांनी चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर पेन टेकवले. तेथे प्रतिहारी शिरेच्या एका फांदीची उजळ भिंत तिरकी गेली होती. चौकट दीड सेंटिमीटर उजवीकडे घेतली आणि त्याच डेटामधून चढउतार अपेक्षेइतका निघाला.